उरलेले पाणी

रोहा,
१४ मार्च १९९६

चि. सौ. विमल हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुम्हा सर्वांची प्रकृती ठीक असेल, असे धरून चालतो. माझी ठीक आहे. दोन्ही वेळच्या जेवणाची सोय लागली आहे. त्याविषयी काळजी नसावी.

तू धाडलेली आंब्याच्या कलमाची पाने मिळाली. धाटावच्या कंपनीत येणारा तुमच्या शेजारचा जगन काल शिफ्ट सुटल्यावर ती देऊन गेला. पाकिटात पानांखेरीज काही नव्हते. मी चिठ्ठीविषयी विचारले, तेव्हा "मावशी काय बोलल्या नाय, नुस्ती पानं द्या बोलल्या," असे त्याने सांगितले. तुझी बहीण वृंदा गेल्यापासून तुझ्याकडून आलेला हा पहिलाच निरोप आहे. त्याला नीट उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजतो.

ही पाने जुनी, फांदीच्या खालच्या भागातील आहेत. नत्र कमी पडले असते, तर संपूर्ण पान सारखेच फिकट झाले असते. लोह कमी असते, तर आधी कोवळी पालवी पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या असत्या. इथे पानाचा मधला भाग हिरवा आहे. टोक आणि कडा मात्र विस्तवाजवळ धरल्यासारख्या करपल्या आहेत. असे पालाशाच्या, म्हणजे पोटॅशच्या, अभावाने होते, तसेच खाराने होते. म्हणून जगनला विचारले की, बुंध्याशी काय घातले आहे. तो हसू लागला. त्याच्या आईने, ठमाबाईंनी, मिठागरातले जाडे मीठ ओंजळीओंजळीने तुझ्या कलमाला घातले होते. "आय बोलली, माडाला मीठ चालतं, मग आंब्याला काय धाड भरली?"

माडाला ते चालते, हे खरेच. आंब्याला सोसत नाही. ठमाबाईंना मात्र रागावू नकोस. कलम खंगलेले पाहवले नाही, म्हणूनच त्यांनी घातले असणार.

उपाय असा. बुंध्याभोवतीची वरची पांढुरकी माती खरवडून दूर टाकावी. उताराच्या बाजूला चर काढावा. मग आळे नळाच्या गोड्या पाण्याने काठोकाठ भरावे आणि ते पूर्ण जिरू द्यावे, म्हणजे मीठ मुळांच्या खाली उतरेल. काही दिवसांनी पुन्हा तसेच करावे. तुमच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. ते घालू नये. वर पेंढा पसरावा. नवी पालवी येईपर्यंत कोणतेही खत देऊ नये. तुझे कलम वाचेल.

पत्र येथे संपवता आले असते.

माझ्याकडील कलमाविषयी तू विचारलेले नाहीस. वृंदाने ही दोन्ही कलमे एकाच दिवशी आणली होती. एक तुझ्या दारी लावले, एक इथे. इथल्याची पानेही मान टाकतात, पिवळी पडतात, गळतात. पाहणाऱ्यास वाटावे, झाड तहानलेले आहे. मी रोज सकाळी तांब्या भरून घालत होतो, संध्याकाळी पुन्हा घालत होतो. आळ्यात शेवाळ धरले, तरी थांबलो नाही. नोकरीची सर्व वर्षे मी बागायतदारांना सांगत आलो की, माती ओली असताना पान सुकले तर पाणी तोडा. काल जगन गेल्यावर खुरप्याने एका बाजूची माती काढली. मुळे काळी पडली आहेत. बोट लावताच साल सुटते आणि कुजका वास येतो. पाण्यात उभे असलेले झाड असे सुकते, कारण मुळांचा श्वास कोंडतो.

वृंदाचे शेवटचे दिवस तू पाहिलेस. पायावर बोट दाबले की खळगा तसाच राहायचा, इतके पाणी अंगात साठले होते; आणि ओठ मात्र कोरडे. डॉक्टरांनी जेवढे सांगितले, तेवढेच पाणी मी पेल्याने मोजून देत होतो. तू म्हणालीस, "भाऊजी, झाडालासुद्धा कोणी असं मोजून पाणी घालत नाही." मी पेला कपाटात ठेवला आणि तू त्याच पावली पेणला निघून गेलीस. तेव्हा ते योग्यच होते. मी आजही तसेच करीन. त्याबद्दल हे पत्र नाही.

तू गेल्यानंतर, दिवेलागणीला, डॉक्टर आले. तिला तपासून त्यांनी मला पडवीत बोलावले. म्हणाले, "आता मागतील ते द्या." त्याचा अर्थ मला समजला. मी तांब्या भरून नेला, तिचे डोके मांडीवर घेतले आणि मोजल्याशिवाय पाणी पाजले. ती सावकाश प्यायली, मध्ये थांबली, पुन्हा प्यायली. नंतर तिने हाताने तांब्या बाजूला सारला. तांब्यात अजून पाणी होते. म्हणाली, "पुरे. उरलेलं कलमाला घाला."

मी ते घातले. दुसऱ्या दिवशीही घातले, आणि मग ते थांबवण्याचे कारण मला सापडले नाही.

तेराव्याला तू पानावर बसलीस आणि घासाला हात न लावता उठलीस. तुझी बहीण तहानलेली गेली, असे तुझ्या मनात आहे, हे मला तेव्हाच कळले. सांगायला गेलो असतो, तर ते माझ्या बाजूचे समर्थन झाले असते, आणि समर्थन करण्याची मला सवय नाही. शिवाय, खरे सांगायचे तर, तेवढी एक गोष्ट फक्त माझ्याजवळ होती. ती कोणाला द्यावी, असे वाटत नव्हते.

ती तहानलेली गेली नाही, विमल. ती पोटभर प्यायली होती.

तांब्या आजपासून उपडा घालून ठेवला आहे. कुजलेली मुळे छाटली, आळे मोडले, माती उन्हाला उघडी टाकली. कलम जगेल की नाही, हे आत्ता सांगता येत नाही. जगले, तर माती बोटभर खोल सुकल्यावर त्याला पुन्हा पाणी लागेल. ते किती घालावे, याचा अंदाज मला आता राहिलेला नाही. मी फार थकलो आहे. त्या दिवशी तू यावेस. पाणी तू घालावेस, आणि मोजू नयेस.

तुझ्या येण्याची वाट पाहणारा,
तुझा भाऊजी