मेंढरं विकली म्हणून नव्हे

आबा, भाऊ बरा आहे. आधी हेच सांगते, कारण तुम्हीही आधी तेच विचारलं असतं. ऑपरेशनला वर्ष होत आलं, परवाच्या तपासणीत सगळं साफ निघालं आणि काल तो एकटाच मोटारसायकल घेऊन मंठ्याच्या बाजाराला गेला. वहिनी ओरडत राहिली, त्यानं ऐकलं नाही.

तुमच्यासारखंच त्यालाही संडासातून रक्त पडायला लागलं होतं. मूळव्याध समजून त्यानं कितीतरी दिवस झाडपाला खाल्ला. मी हल्ली एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत असते, उगवण तपासायच्या कामावर. तिथून सुट्टी काढून त्याला संभाजीनगरला नेलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन नीट झालं, आता जखम भरली की सुटलो असं वाटत होतं, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, "या आजाराचा प्रत्येक पेशंट आला की काढलेल्या गाठीचा तुकडा आम्ही आणखी एका तपासणीला पाठवतो. आजार घराण्यातून आलाय का, याचा त्यात अंदाज येतो. तुमच्या भावाच्या बाबतीत तशी शंका आहे. घरात आणखी कोणाला झाला होता?"

मी तुमचं सांगितलं. आत्याचं सांगितलं, ती गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली ते. मग आजोबांचं, पोट फुगून, रक्त पडून गेले म्हणून माय सांगायची ते. आणि सांगता सांगता मी थांबलेच.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल. जालन्यातल्या आपल्या खोलीत स्टोव्हजवळ तुमची बाज टाकलेली आहे. माय ज्वारीच्या कण्या ढवळतेय. चुलते गावाहून आलेत, उंबऱ्यातच बसलेत, पाणीसुद्धा घेत नाहीत. "देवाची मेंढरं इकून शहरात आलास," ते म्हणतात, "मंग देव गप बसंल का?" ते गेल्यावर तुम्ही मला जवळ बोलावता. मी शाळेच्या कपड्यातच आहे. तुम्ही म्हणता, "तुमच्या शाळंपायी इकली व्हती, बाई. देवाला कळायला पायजे व्हतं." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहता. पुढं कधीही पास झाले की आनंदाच्या आधी भिंतीकडे वळलेली तुमची पाठ आठवायची. बापाचा जीव देऊन घेतलेली शाळा, असं वाटायचं.

पण आजोबांनी कळप मोडला नव्हता, आबा. शेवटपर्यंत ते मेंढरांमागंच होते, उन्हाळ्यात घनसावंगीकडं गोदाकाठी उतरायचे. देवाचं काही चुकवलं नाही. तरी त्याच दुखण्यानं गेले. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तुमचं मरण आणि त्यांचं मरण कोणी शेजारी शेजारी ठेवून पाहिलं नाही.

मी बाईंना सरळ विचारलं, "कळप विकला म्हणून असं होतं का?" त्या हसल्या नाहीत. "नाही. हा दोष जन्मतःच शरीरात असतो, आईकडून नाहीतर वडिलांकडून आलेला. तुमच्या वडिलांनी काहीही केलं असतं तरी तो त्यांच्यात होताच." मी म्हटलं, पुन्हा एकदा सांगता का? त्यांनी पुन्हा सांगितलं.

मायला सांगितलं तर तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मंग त्यायच्या जिवाला उगंच घोर लागला म्हणायचा." चुलत्यांकडंही गेले. आता त्यांना धड दिसत नाही. सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "म्या लई बोल्लो व्हतो त्याला." मग म्हणाले, "माह्या पोरायला बी घिऊन जा. जल्दी जा."

भावाचं रक्त तपासलं, दोष पक्का झाला. मग आपल्या धाकटीनं आणि मी, दोघी बहिणींनी रक्त दिलं. प्रत्येकीला निम्मी शक्यता, असं सांगितलं होतं. कित्येक आठवडे आम्ही दोघी फोनवर स्वयंपाकाशिवाय काही बोललो नाही. धाकटीत नाही. माझ्यात आहे. ऐकलं तेव्हा कागदावर नाव माझंच आहे का ते पुन्हा पाहिलं, नाही म्हणत नाही. पण बाई म्हणाल्या, "आता माहीत आहे, तर आपण त्याच्या आधी पोचू." पोट साफ करायचं ते पाणी पिऊन दिवसभर नुसती पळापळ. दुसऱ्या दिवशी भूल देऊन आतड्यात दुर्बीण घातली. आत बारीक कोंबासारख्या दोन गाठी होत्या, त्या तिथल्या तिथं काढल्या. कॅन्सर नव्हता, राहिल्या असत्या तर पुढं झाला असता. आता ठरल्या वेळी दुर्बीण, गर्भाशयाचीही तपासणी, एवढं सांभाळायचं. तुमच्या वेळी हे कोणी विचारलं असतं तर, एवढाच विचार येतो, आणि मग भाऊ दारात हॉर्न वाजवतो.

हे कुठं पाठवायचं नाही, घरात कोणाला वाचून दाखवायचंही नाही, म्हणून एक लिहून टाकते. भूल उतरताना मी तिथल्या वॉर्डबॉयचा हात धरून "आबा, घरी चला" म्हणत होते, असं धाकटी सगळ्यांना सांगून हसते. मी म्हणते, खोटं बोलते ही, मला काही आठवत नाही. आठवतं, आबा. तो माणूस तुम्ही नाही हेही कळत होतं. तरी हात सोडला नाही.