तीन वेढे कमी

बाबा, तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं झाली, तरी मला अजून तुमचा राग येतो. म्हातारपणी राग निवतो म्हणतात. माझा नाही निवला. आज सकाळी कपडे वाळत घालताना दोरी तुटली, म्हणून लिहायला बसले.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि तुम्ही सरकारी कारखान्यात ओव्हरसियर होतात. नवाबसाहेबांची शिडाची होडी हुसेनसागरात उतरायची होती. ती नीट उतरली की कारखान्याचे मुख्य तुम्हीच होणार, हे अख्ख्या अफझलगंजाला तुम्ही स्वतःच सांगून ठेवलं होतंत. पुढचं शीड तारेभोवती गुंडाळणारं लोखंडी रीळ गंजून जाम झालं होतं. ते घरी आणून तुम्ही थेट स्वयंपाकघरात मांडलंत, आणि आईच्या पुरणाच्या पातेल्यात घासलेट ओतून आतले छर्रे भिजत घातलेत. ती बोलायला गेली तर म्हणालात, "तुझ्या बापानं दिलंय का पातेलं?" दिलं होतं, बाबा. तिच्या बापानंच दिलं होतं.

शिडाची फाटलेली किनार मी शिवली. नवऱ्यानं टाकलेली पोरगी फुकट बसून खाते, निदान सुई तरी चालवू दे, असं तुम्ही शेजाऱ्यांसमोर म्हणालात. मग अंगणात तार ताणून शीड लावलंत आणि दोर ओढून पाहिलात. रिळावर गुंडाळलेला दोर ओढला की रीळ फिरायचं आणि शीड गुंडाळलं जायचं. बारा वेढ्यांत सगळं आवरलं. जास्तीचा दोर तुम्हाला गबाळा दिसे, म्हणून उरलेला लांबलचक तुकडा कापायला सुरी घेतलीत. मी म्हणाले, "वाऱ्यात कापड घट्ट गुंडाळलं जाईल, बाबा. सतरंजी आवळून गुंडाळली की वेढे जास्त लागतात. तीन वेढे तरी जास्त ठेवा." तुम्ही सुरीची मूठ माझ्या बोटांवर हाणलीत. "शिवलीस ना? ऊठ आता. मर्दांच्या कामात अक्कल नक्को लावू." आणि दोर कापलात. तो तुकडा मी उचलून पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी तलावाच्या काठावर आई आणि मी टांग्यात बसलो आहोत. वारा चांगलाच सुटला आहे. नवाबसाहेब होडीकडे निघतात, आणि तुम्ही टांग्यापाशी येता. चेहरा उतरलेला. हळूच विचारता, "काही राहिलं नाही ना गं?" जन्मात पहिल्यांदा तुम्ही मला काही विचारत होतात. पिशवी माझ्या मांडीवर होती, बोटं अजून सुजलेली होती. मी म्हणाले, "नाही, बाबा. सगळं झालंय."

मध्यावर वारा वाढला आणि शीड आवरायची वेळ आली. बारा वेढे संपले तरी शिडाचा पदर बाहेरच राहिला. तो वाऱ्यानं फुगला आणि होडी बांधाच्या दगडांवर जाऊन आपटली. नवाबसाहेबांना पाण्यातून ओढून काढावं लागलं. भिजल्या शेरवानीत ते म्हणाले, "ओव्हरसियरसाब, रस्सी नापना बी नै आता आपकू?" टांगेवाले खदाखदा हसले. तुम्ही हात जोडून उभे होतात. मलाही हसू आलं, ते मी पदराआड लपवलं.

मुख्य दुसराच कुणी झाला. तुम्ही घरात बोलेनासे झालात. अखेरच्या दुखण्यात मात्र एका दुपारी म्हणालात, "तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही." मी चमच्यानं पाणी पाजत होते. माझा हात थांबलासुद्धा नाही. म्हणाले, "मला नाही बाई आठवत." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात आणि मग भिंतीकडे तोंड केलंत.

हे पत्र शिवणयंत्राच्या खणात राहील. सकाळी तुटलेली दोरी म्हणजे तुम्ही कापलेला तोच तुकडा. गाठ मारून पुन्हा बांधली आहे, अजून चालेल. तुम्ही त्या दुपारी माफी मागत होतात, हे मला तेव्हाच कळलं होतं, बाबा. मला ती द्यायची नव्हती.