तेल मुरलेली निळी कांडी

बाबा,

तुमची ती निळी कांडी काल दुपारी दुरुस्त झाली. तुमची म्हणतोय खरा, पण ओतली होती मी, आणि तुम्ही होतात तोवर तिच्यावर तुमचा काही हक्क आहे हे मी कबूल केलं नव्हतं. तुम्ही ती विसरला असाल अशी माझी समजूत होती. तशी समजूत करून घेणं मला सोयीचं होतं. तुम्ही विसरला नव्हतात, हे आईनं मागच्या आठवड्यात सांगितलं, आणि तेव्हापासून मला घरात धड बसवत नाही.

कोहक्याच्या या घरी मागच्या वऱ्हांड्यात मी कातकामाची ती छोटी लेथ मांडली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तुम्हालाच झाला होता. तुमचा उभा जन्म स्टील प्लांटच्या मशीन शॉपमध्ये लोखंड कातण्यात गेलेला. रिटायर झाल्यावर सेक्टर दोनचं क्वार्टर सोडून इथं आलात आणि हातांना काही काम उरलं नाही. माझी लेथ चहूबाजूंनी बघून तुम्ही हसलात. म्हणालात, "हे तं खेळनं होय रे बाबू." पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन तुम्ही तिच्याचपाशी बसला होतात, आणि तिचा पट्टा तुम्ही कसून ठेवलेला होता. मला ते आवडलं नाही. खेळणं माझं होतं ना!

रेझिनचं काम तुम्हाला नवीन होतं. दोन बाटल्यांतलं पातळ एकत्र कालवायचं, रंग टाकायचा आणि साच्यात ओतायचं. घट्ट झालं की बोटभर लांबीची कांडी निघते, ती लेथवर कातली की पेनाचं अंग तयार. सगळी गंमत बुडबुड्यांची. ओतताना घाई केली की हवा आत अडकते, वरून काही दिसत नाही, आणि कातत गेलं की एकेक बुडबुडा फुटून देवीच्या वणासारखा खड्डा पडतो. मग त्यात त्याच कांडीचा भुगा दाबायचा, वरून झटपट गोंदाचा थेंब सोडायचा आणि सुकला की घासून सपाट करायचा. नीट जमलं तर जागा शोधून सापडत नाही. तुम्ही हे सगळं बघायचात आणि म्हणायचात, "लोखंडात असं भोक निघालं तं आमी जॉब भंगारात टाकत होतो." मी म्हणायचो, हे लोखंड नाही. तेव्हा मी ते हसून म्हणत असे.

ती निळी कांडी मी आमच्या ब्रँचच्या मॅनेजरसाठी ओतली होती. त्यांची बदली झाली होती, सगळे मिळून शाल देणार होते, आणि मला शालीपेक्षा वेगळं काहीतरी द्यायचं होतं. खरं सांगायचं तर मला त्यांच्या नजरेत भरायचं होतं. घाईत ओतली, बुडबुडे भरपूर राहिले. अर्धी कातून, काही खड्डे भरून मी कांडी लेथवरच ठेवली आणि ऑफिसला गेलो. तुम्ही पाहिलंत की पोराला वेळ नाही, कार्यक्रम दोन दिवसांवर आलाय, आणि मशीन चालू केलंत. कातता कातता कांडी तापली, तिचा वास सुटला, आणि जन्मभर जे केलं तेच तुम्ही केलंत. आईच्या शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणून वरून धार सोडलीत. लोखंडाला ते चालतं. रेझिनच्या उघड्या बुडबुड्यांत मात्र तेल जाऊन बसलं, आणि तेलावर गोंद धरत नाही.

मी संध्याकाळी आलो. शेजारचे काका, तुमच्याच हाताखाली लेथ शिकलेले, तुमच्यासोबत वऱ्हांड्यात चहा पीत होते. तुम्ही मोठ्या कौतुकानं म्हणालात, "पाय बरं, ही तुही कांडी साफ करून ठेवली." मी भुगा दाबला, गोंद सोडला, थोडं थांबून घासायला घेतलं, आणि भरलेलं सगळं खपल्यांसारखं निघून आलं. दुसऱ्यांदाही तेच झालं. मग मी कुपी पाहिली.

"तेल टाकलं का तुमी याच्यात?"

"गरम होऊन राह्यली होती बाबू. मनून थोडंसं सोडलं."

"तुमाले कोनं सांगतलं होतं हात लावाले? प्लांट नोहे हे! समजत नाही तं कावून हात लावता?"

काकांनी कप खाली ठेवला आणि ते चपला शोधायला लागले. ज्या माणसाला मशीन कसं धरायचं हे तुम्ही शिकवलं, त्याच्यासमोर मी हे बोललो. तुम्ही रागावला नाहीत. खांद्यावरचा पंचा काढून म्हणालात, "पुसून पायतो न मी. धुऊन-गिऊन निघन थे." मी म्हणालो, "राहू द्या. आता हात नका लावू." मॅनेजरना मी बाजारातून पेन आणून दिलं. त्यांनी ते न उघडताच टेबलावर ठेवलं.

मी लहान असताना क्वार्टरमध्ये तुमचं स्वतःचं मायक्रोमीटर माझ्या हातून फरशीवर पडलं होतं. तुम्ही कोणालाही त्याला हात लावू देत नव्हतात. आवाज ऐकून धावत आलात आणि आधी माझा पाय पाहिलात. "लागलं तं नाही न तुले?" ते पुन्हा कधी बरोबर माप दाखवेना, पण त्यावरून तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. हे मला त्या संध्याकाळी का आठवलं नाही, कोण जाणे.

त्यानंतर तुम्ही वऱ्हांड्यात यायचात, पण हात पाठीमागे बांधून. एखाद्या परक्याच्या घरी आल्यासारखे लेथपासून दोन पावलं लांब उभे राहायचात. मी मनाशी म्हणायचो, म्हातारपणी पाठीला बरं वाटत असेल. हे खोटं आहे हे मला तेव्हाही कळत होतं. एकदा पेनाच्या आत बसते ती पितळेची नळी धरायला कोणी नव्हतं म्हणून मी म्हटलं, बाबा, जरा धरा. तुम्ही आधी दोन्ही हात लुंगीला पुसलेत, पुढून आणि मागून, आणि मग बोटं पुढे केलीत. तेव्हाच मी काही बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "सरळ धरा." पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

तेव्हा तुमच्या मांडीवर बसणारी नात आता कॉलेजात जाते. मागच्या आठवड्यात आई शिलाई मशीनचा खण साफ करत होती, तर कुपीशेजारी ती कांडी निघाली. तुम्हीच तिथं ठेवली असणार. मी तर ती कचऱ्यात टाकली होती. आई ती हातात धरून मला म्हणाली, "हे तुह्या बाबाच्या हातानं बिघडली ते होय न? लय मनाले लागलं होतं त्याईच्या. दवाखान्यातही मनत, माह्या हातानं पोराचं काम गेलं." मग तिनं विचारलं, "दुरुस्त नाही होत का रे आता?" मी म्हटलं, पाहतो.

बाबा, काल मी ती कांडी स्पिरिटनं धुतली. खड्ड्यांतलं जुनं काढायला सुई फिरवली, पुन्हा धुतली, उन्हात ठेवली. तेवढ्यात माझा एक चहा झाला. मग भुगा दाबला आणि गोंद सोडला. धरला. घासल्यावर कुठं भरलंय ते मलाच दिसेना. तुम्ही धुऊन पाहतो म्हणाला होतात, तेवढंच करायचं होतं. मी तुम्हाला तेवढं करू दिलं नाही, आणि तुम्ही ते ओझं घेऊन गेलात.

नळी बसवून मी तिचं पेन केलं. छान झालंय. हे सगळं त्याच पेनानं लिहितोय. कागद घरात ठेवता येणार नाही, आईला वाचता येतं.

कारण काल संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, "जमली का रे कांडी?" पेन माझ्या खिशात होतं. काढून तिच्या हातात द्यायचं, एवढंच होतं. पण मग तिनं विचारलं असतं, एवढ्यात कशी काय झाली, मग तेव्हा त्यांना का करू दिली नाही? मी म्हणालो, "नाही वं आई. बाबानं टाकलेलं तेल लय मुरलं होतं."