माश्या मारायचं काम

प्रिय दादा,

तुझ्या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: हो, अजून माश्याच मारतेय. एवढं शिकून केळ्यावरच्या चिलटांमागे लागलेली बहीण तू दुकानातल्या गिऱ्हाइकांना कशी समजावून सांगतोस, कोण जाणे. शेंडेफळाच्या नशिबी फळमाश्याच यायच्या, असं म्हणतोस आणि स्वतःच हसतोस म्हणे. वहिनीनं चुगली केली.

खरं तर माझं काम माशी न मारण्याचं आहे. तिच्या मेंदूत काय चाललंय ते ती जिवंत असताना बघायचं, तर तिला न दुखवता एका जागी धरून ठेवावं लागतं. त्यासाठी मी पारदर्शक रबराच्या नखाएवढ्या पट्ट्या साच्यात ओतते. पट्टीत एक खाच, खाचेत माशीची मान आणि पायांखाली हवेवर तरंगणारा थर्माकोलचा मणी. माशी चालते, मणी फिरतो, ती मात्र जागच्या जागी. पहिल्या पट्ट्यांनी तुझं म्हणणं अगदी खरं करून दाखवलं. रोज माश्या मरायच्या. सर वैतागले, मी रडकुंडीला आले. चूक साधी होती. माप घेताना मी माशीला गार करून झोपवायचे, आणि झोपलेली माशी पाय पोटाशी घेते. जागी झाली की पाय पसरायची आणि खाचेच्या कडेला अडकून मोडून घ्यायची. फोटोंच्या चौकटींच्या दुकानात वाढलेल्या मुलीनं मापात चुकावं! बाबा असते तर टपली मारली असती.

आता पट्ट्या चांगल्या निघतात. सध्या येतात त्या माश्यांमध्ये मुद्दाम एक दोष घातलेला असतो. चालताना त्या धड चालतात. थांबल्या की एक पाय थरथरू लागतो. पडद्यावर ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला बाबा आठवले. काच कापताना त्यांची हिऱ्याची कणी सरळ रेषेत जायची, आणि गल्ल्यावर निवांत बसले की उजवा हात हलायचा. मग ते त्यावर वर्तमानपत्र ठेवायचे. थंडीनं होतं म्हणायचे, भर उन्हाळ्यातसुद्धा. डॉक्टरांकडे गेले तोवर काच तू कापायला लागला होतास. त्या उशिराचा मला अजून राग येतो.

परवा व्हिडिओ कॉलवर तू नव्या चौकटी दाखवल्यास. हातवारे करत होतास तोवर सगळं ठीक होतं. मग वहिनी बोलायला लागली, तू गप्प बसलास आणि उजवा हात हळूच मांडीखाली घेतलास. दादा, दिवसभर मी हेच बघत असते रे. माझ्यापासून कसा लपवशील? माझ्या माश्यांवरून तुझं निदान होत नाही, कदाचित भलतंच काही निघेल, किंवा काहीच नाही. पण मला भीती वाटतेय. फोनवर तू हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून लिहिलं. मी रजा टाकली आहे, सोमवारी पोचते. मंगळवारची डॉक्टरांची वेळ घेतलीय. तोवर वहिनीला तू स्वतः सांग. दुकान एक दिवस बंद राहिलं तर काही बिघडत नाही. नंबर येईपर्यंत बाहेरच्या बाकावर आपण दोघं माश्या मारत बसू.

तुझीच,
शेंडेफळ