कांड्या भरणारी

मंगळवार, संध्याकाळ

लहानपणी कॅम्पातली शाळा सुटली की मी सुमनबरोबर तिच्या शहापूरच्या घरी जायची. तिची आई हातमागासाठी कांड्यांवर सूत गुंडाळायची, कांड्या भरायची; आम्ही सूत धरायचो. काकू ओरडायच्या, "कॉन्व्हेंटच्या पोरी गं तुम्ही, गुंताच लई करताय!"

आज टीव्हीवर विधानसभेचं अधिवेशन. आमदार सुमन विणकरांच्या पेन्शनवर कन्नडमध्ये बोलली. "मागावर बसतो तो विणकर. मग जन्मभर कांड्या भरणारी कोण?" मंत्री म्हणाले, तिलाही पेन्शन देऊ. मी घरात एकटीच, तरी उठून उभी राहिले. ही आमचीच सुमन? काकू असायला हव्या होत्या.

मी गेल्यावर माझी हिरवी शहापुरी साडी सुमनला द्यावी. त्या साडीच्या कांड्या काकूंनी भरल्यात. शिवणाच्या डब्यातली रिकामी कांडी माझ्या नातीला. ती कोण भरायचं, हे सांगून.