माझं प्रेशर आणि मावशीचं सॉरेल

९ डिसेंबर, सकाळ
परसातल्या सॉरेलला लाल बोंडं लगडलीत, अगदी अंबाडीसारखी. रेडिओवर एक डॉक्टर म्हणाला, सॉरेलच्या चहाने ब्लड प्रेशर उतरतं. म्हणजे माझ्या रागावरचं औषध परसातच होतं आणि या घरात एकालाही ते सुचलं नाही.
तमोयाने ऑगस्टमध्ये अट घातली होती. ख्रिसमसपर्यंत कोणाशी भांडला नाहीस, तर आपल्या दोघांचं पुढचं बोलू. नाहीतर माझं नाव काढायचं नाही. मी तेव्हाच तिला सांगितलं, हा स्वभाव नव्हे, प्रेशर आहे. किंग्स्टनचं कॉलेज त्यापायीच सुटलं. सरांच्या अंगावर रजिस्टर भिरकावलं ते प्रेशरने, मी नाही.
आजपासून रोज तीन ग्लास. ख्रिसमसला तिच्या घरी माझ्या हातचं सॉरेल आणि शांत मी.

१० डिसेंबर
बोंडं सोलली. आतलं बी फेकायचं, लाल पाकळ्या ठेवायच्या. बारीक कुसं बोटांत गेली. इसिल्डा मावशी शेजारी बसून माझ्या तिप्पट वेगाने सोलत होती, मुद्दाम. म्हणाली, ओशेन, कोंबडी सोलतोयस का रे? मी टोपली खाली ठेवली, जरा जोरात. उलटली. याला भांडण म्हणत नाहीत.

११ डिसेंबर
मावशी म्हणते, सॉरेल उकळायचं नसतं. वरून उकळतं पाणी ओतून झाकून ठेवायचं. मावशी चौथी शिकलीय. मी तीन सेमिस्टर केमिस्ट्री. जास्त उकळलं की जास्त अर्क, साधी गोष्ट. घरातला सगळ्यात मोठा डच पॉट घेतला, ॲल्युमिनियमचा, रविवारी बकऱ्याचं कालवण केलं होतं तो. दीड तास उकळलं.

१२ डिसेंबर
रंग राखाडी-जांभळा. चव नाणं चोखल्यासारखी आणि मागून कालवण. मावशी वास घेऊन म्हणाली, बाळा, ख्रिसमसला लोक बकरा खातात, पीत नाहीत. आणि आंबट कधी ॲल्युमिनियममध्ये शिजवतात का?
मी शांतपणे पॉट कुंपणापाशी ओतला. पलीकडे मिस्टर ब्लेअरचा चर्चचा पांढरा शर्ट वाळत होता, त्यात माझा काय दोष? त्याने माझ्या आईचा उद्धार केला, मी त्याच्या. फिटंफाट. भांडण नाही.
आजचे तीन ग्लास बुडाले.

१५ डिसेंबर
आलं आणि पिमेंटोचे मिरीसारखे दाणे आणायला बाजारात गेलो. डेव्हरॉल भेटला. फार्मसीत काम करतो, तमोयाच्या शेजारी राहतो, पांढरा कोट घालून भाजी घेतो. म्हणाला, प्रेशरसाठी पितोस ना? मग रम नको घालूस. मला शिकवतो. मी एवढंच म्हटलं, कोट काढ आणि रस्त्यावर ये. तो आला नाही. म्हणून भांडण झालं नाही.

१८ डिसेंबर
बोंडं थोडीच उरलीत, म्हणून (फक्त म्हणून) मावशीची पद्धत. मोठ्या बरणीत पाकळ्या, ठेचलेलं आलं, पिमेंटो, वर उकळतं पाणी. झाकण लावलं. दोन दिवस हात लावायचा नाही. मी चार वेळा उघडून बघितलं. मावशीने हातावर पळी मारली. मोठी माणसं मारतात, ते भांडणात धरत नाहीत.

२० डिसेंबर
गाळलं, साखर घातली, वर पांढरी रम. रंग माणकासारखा. कबूल करायला हवं, माझ्या हाताला चव आहे. मावशीने फक्त पाणी, आलं, साखर आणि गाळणं बघितलं.

२५ डिसेंबर, दुपारी ४
तमोयाकडे गेलो. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, व्हरांड्यात सगळ्यांचं प्रेशर मोजत होती. डेव्हरॉल आकडे लिहून घेत होता. कोणी बोलावलं होतं त्याला?
तिच्या आईने, मिस व्हर्नांनी, माझं सॉरेल चाखलं. म्हणाल्या, इसिल्डाचा हात लपत नाही. मी गिळलं ते.
बाही वर केली. ११४-७२. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, बघा, औषध लागू पडलं.
तमोया पट्टा सोडत म्हणाली, ऑगस्टच्या आरोग्य शिबिरात मीच मोजलं होतं तुझं. एवढंच होतं.
मी म्हटलं, कसं शक्य आहे?
ती म्हणाली, तुला प्रेशर नाही, ओशेन. कधीच नव्हतं. असतं तर गोळी दिली असती मी.
मशीन बिघडलंय, असं मी म्हटलं. डेव्हरॉल म्हणाला, दुकानातलं दुसरं आणू? त्यानंतर मशीन पायऱ्यांवरून खाली गेलं. माझ्याच हातून, पण मी ढकललं असं नाही.
तमोया वाकून तुकडे गोळा करत होती. मी मदतीला वाकलो, तर म्हणाली, राहू दे, आता जा. मिस व्हर्नांनी बाटलीला बूच लावून ती माझ्या हातात दिली. ख्रिसमसला आणलेली बाटली परत करतात, हे मी प्रथमच पाहिलं.

२६ डिसेंबर
आज गावभर लोक घरोघर सॉरेल प्यायला फिरतात. मावशी केक घेऊन मिस्टर ब्लेअरकडे गेली, माझ्या वतीने माफी मागायला. मी टेबल पुसलं. सहा बाटल्या, आठ ग्लास. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलो.
संध्याकाळी ६. आज दिवसभर कोणाशीही भांडलो नाही.
कोणी आलं नाही.