दालन चारमधला झगा

४ नोव्हेंबर

ती. ताईस,

ढब्बूचा साष्टांग नमस्कार. नव्या गणवेशाचा पट्टा घट्ट असल्यामुळे पुरता वाकता आलेलं नाही, तेवढं सांभाळून घे.

कारखाना बंद पडला तेव्हा तू म्हणाली होतीस, की आता तुला बसून खायची सवय लागेल. ती लागायच्या आत मला उभं राहायची नोकरी लागली. मी संग्रहालयात दालन क्रमांक चारचा रखवालदार झालोय. तीन महिने तात्पुरता, मग पुढचं ठरेल. काम एकच, कुणाला कशाला हात लावू द्यायचा नाही.

सध्या आशिया खंडातल्या सजावटीच्या कलांचं मोठं प्रदर्शन भरलंय. लाखकामाच्या पेट्या आहेत, कांद्याच्या पापुद्र्याइतक्या पातळ वाट्या आहेत, आणि एक घडीचा पडदा आहे, त्यावर पंचवीस बगळे. मी ते रोज मोजतो. शनिवारी कागदी पंखे करायला शिकवतात, रविवारी व्याख्यान असतं. सगळ्यांच्या वर आमच्या डॉक्टरीणबाई. त्या जुन्या कापडांच्या डॉक्टर आहेत, हे मला आधी कुणी सांगितलं नाही, म्हणून पहिल्याच दिवशी मी त्यांना गुडघा दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला आणि वीण सैल झालीय म्हणाल्या.

माझ्या दालनाचा राजा म्हणजे एक तीनशे वर्षांचा दरबारी झगा. कुणा व्यापाऱ्याच्या घरच्यांनी तो पेटीसकट दिला. बाईंनी बारा वर्षं त्याचा अभ्यास केला, पण नाजूक म्हणून कुणाला बोट लावू दिलं नाही. रंग मातकट, एक फूल नाही की बुट्टी नाही. मला आधी वाटलं, ही वरची खोळ असेल. पण बाईंनी पुस्तिकेत त्याच्यावर तीन पानं लिहिलीत, नाव ‘संयमाचं सौंदर्य’. मानेमागे कापडाचा एक छोटा गोल आहे, तो म्हणजे शून्य. पाठीवर ठिगळ आहे, तो राजाचा विनय. आणि खालच्या घेराला लांब लांब टाक्यांची ओळ आहे, तो काळाचा प्रवाह. हे सगळं पाठ करून मी लोकांना सांगतो. काल एक गृहस्थ डोळे पुसत गेले.

सोबत झग्याचं छापील कार्ड पाठवतोय. दुकानात लाव. तुझ्या गिऱ्हाइकांना कळू दे, शिवण कशाला म्हणतात.

रागावू नकोस. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तर माझी हरकत नाही.

तुझा,
ढब्बू

९ नोव्हेंबर

चि. ढब्बूस,

अनेक आशीर्वाद. गुडघ्याला तेल लाव.

कार्ड पोचलं. दुकानात लावलं नाही. आधी चष्मा लावून पाहिलं, मग चष्मा पुसून पाहिलं, मग समोरच्या घड्याळवाल्याचं भिंग आणून पाहिलं. ढब्बू, तुमचा झगा उलटा आहे. वरचं खाली झालेलं नाही, आतलं बाहेर आलंय.

तुमचं शून्य म्हणजे खुंटीला अडकवायचा बंद. तो मानेच्या आतल्या बाजूला असतो. तुझ्या गणवेशाच्या कोटालाही असेल, आत्ता हात घालून बघ. ठिगळ आतून लावतात, म्हणून ते आतूनच दिसतं. आणि काळाचा प्रवाह म्हणजे कच्चे टाके. असले प्रवाह मी दिवसाला शंभर घालते आणि संध्याकाळच्या आत उसवते. वरची बाजू उन्हाधुळीपासून वाचावी म्हणून कुणा शहाण्या माणसानं झगा उलटवून कडा टाचून ठेवला असणार. भारी कोट मीही असेच ठेवते. पुढे टाचणारा गेला आणि सांगायचं राहून गेलं.

म्हणजे तुम्ही लोकांना अस्तर दाखवताय. आणि लोक अस्तर बघून रडतायत!

तुमच्या डॉक्टरीणबाईंनी जन्मात कधी साधं बटण लावलेलं दिसत नाही. सुईचं टोक कुठलं आणि नेढं कुठलं, एवढं तरी त्यांना विचारून ठेव.

शिवणीत माया ठेवतात तशी तुझ्यावर आहेच, नेमापेक्षा दोन बोटं जास्त.

तुझी,
ताई

१३ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार, पण जरा फुगून.

शंभर विद्वान तो झगा बघून गेले आणि तुला टीचभर कार्डावरून तो उलटा दिसला? तुझं पत्र मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलंय. कुणाच्या हाती लागलं तर माझी धडगत नाही.

कोटात हात घातला. बंद आहे. पण तेवढ्यावरून काही ठरत नाही.

तुझ्या भावजयीला सांगितलं. मला वाटलं ती हसेल. तर म्हणाली, ताई म्हणतात म्हणजे उलटाच. आपल्या लग्नाच्या फोटोत तुमचा सदरा उलटा होता तेही त्यांनीच ओळखलं, बाकी शंभर माणसं नुसती जेवून गेली. झालं, माझ्या डोक्यात तेव्हापासून किडा वळवळतोय. काल लोकांना माहिती देताना मी ‘शून्य’च्या जागी ‘खुंटी’ म्हणालो. एका बाईंनी ते वहीत लिहूनही घेतलं.

ताई, गंमत बाजूला ठेवून सांगतो. तीस तारखेला त्या झग्यावर बाईंचं मोठं व्याख्यान आहे. बाहेरगावचे जाणकार येणार आहेत. झगा उलटा असला आणि मी गप्प बसलो, तर भर सभेत कुणीतरी उठून त्यांचं हसं करील. बाई वाईट नाहीत गं, गुडघा बघितला होता त्यांनी. आणि मी सांगितलं तर माझी नोकरी जाईल. काय करू ते उलट टपाली कळव. फार वेळ लावलास तर लोभ कमी करीन.

तुझा,
ढब्बू

१६ नोव्हेंबर

चि. ढब्बूस आशीर्वाद.

घाईत आहे. सहा कोट आणि एका जाड्या नवरदेवाचं माप.

खात्री केल्याशिवाय बाईंना काही सांगू नकोस. कडा टाचल्या असल्या तरी गळा उघडा असणार. दाढीचा आरसा घे, विजेरी घे, कुणी नसताना गळ्यातून आत बघ. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. आत भरतकाम दिसलं तर मी खरी. मातकटच दिसलं तर मी तुझ्या बाईंची पाय धरून माफी मागेन आणि कार्ड दुकानात चौकट करून लावीन.

आवाज करू नकोस. तुला आवाज करायची सवय आहे.

ताई

१९ नोव्हेंबर

दालन क्रमांक चारच्या रखवालदारांच्या थोरल्या भगिनी यांस,

स. न. वि. वि.

आपला परिचय नाही. तरीही माझ्याविषयीचं आपलं मत मला सविस्तर ठाऊक आहे. ते कसं, हे कळवण्यासाठी हे पत्र.

आज बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी दालनात शिरले, तेव्हा आपले बंधू दोरीच्या कठड्यावर पालथे पडलेले होते. डाव्या हातात दाढीचा आरसा, तोंडात विजेरी, आणि नाक संग्रहालयातल्या सर्वांत नाजूक वस्तूच्या गळ्यापासून चार बोटांवर. मी काही बोलणार तोच ते किंचाळले. माझ्यामागून सहलीच्या बावीस बायका येत होत्या, त्याही किंचाळल्या. आतून कुणीतरी डोळा वटारला, असं आपल्या बंधूंचं म्हणणं आहे.

पडापडीत त्यांच्या खिशातून आपलं पत्र खाली आलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला समजतं. परंतु ते नेमकं बटणाच्या परिच्छेदावर उघडून पडलं होतं. सुईचं टोक आणि नेढं यांतला फरक मला माहीत आहे, हे नम्रपणे नमूद करते. बटणाविषयी आपलं म्हणणं मात्र खरं आहे.

आपल्या बंधूंना तूर्त सायकलतळावर पाठवलं आहे. त्यांच्या नोकरीविषयी संचालक महिनाअखेर निर्णय घेतील.

आता मुद्द्याचं. त्या आरशात पाहण्यास मी नकार दिला. साडेबारापर्यंत नकार देत होते. मग दालनाचं दार लावून घेतलं आणि पाहिलं. डोळा आहे. पक्ष्याचा आहे. सोनेरी आहे.

बारा वर्षं, ताई.

तीनशे वर्षांच्या रेशमातून कच्चे टाके काढायचे झाल्यास हाताच्या अनुभवानं ते कसे काढावेत, हे कळवल्यास आभारी होईन. आमच्या पुस्तकांत सगळं आहे, पण आज माझा पुस्तकांवर विश्वास उरलेला नाही.

आपली,
(ढब्बूंच्या) डॉक्टरीणबाई

२२ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंस,

नमस्कार आणि बटणाच्या परिच्छेदाबद्दल मनापासून क्षमा. मी तोंडाची फटकळ आहे. कात्री हातात असली की जीभही तशीच चालते.

सकाळच्या उजेडात बसा. खुर्चीवर नको, जमिनीवर, म्हणजे घाई होत नाही. टाच घातलेला दोरा सुताचा असेल, रेशमापेक्षा नवा आणि कच्चा. तो ओढायचा नाही. दर तिसरा टाका कापायचा आणि तुकडे चिमट्यानं सोडवायचे. कापड अडलं की थांबायचं, पाणी प्यायचं, पुन्हा बघायचं. दिवा धरायला ढब्बूला घ्या, त्याचा हात हलत नाही. बोलेल मात्र. म्हणून विजेरी त्याच्या तोंडातच राहू द्या.

मनाला लावून घेऊ नका. मी एकदा एका गृहस्थाच्या विजारीला दोन्ही पाय डावे शिवले होते. तो बिचारा वर्षभर ती घालून हिंडला. त्याला वाटलं, आपल्याच चालण्यात काही दोष आहे. शेवटी मीच त्याच्या घरी जाऊन सांगितलं. त्यानं मला पाणी दिलं आणि इतका हसला की ते माझ्याच अंगावर सांडलं. उसवायला लाजू नये बाई. शिवणाऱ्याचा निम्मा जन्म उसवण्यात जातो.

माझ्या भावाला सायकलींपासून सोडवा. तो मोजत बसेल.

आपली,
शिवणकाम करणारी ताई

१ डिसेंबर

ती. ताईस,

ढब्बूचा नमस्कार. पट्ट्याला एक भोक वाढवून घेतलंय, त्यामुळे या वेळी पुरता वाकून.

गुरुवारी संग्रहालयाला सुट्टी असते. सकाळी आठला बाईंनी बोलावलं. मला वाटलं, गणवेश परत घेणार. तर त्या दालनात चपला काढून सतरंजीवर बसल्या होत्या, समोर झगा, शेजारी तुझं पत्र. तिसरा टाका आला की तुझी ओळ मोठ्यानं वाचायच्या. मी तोंडात विजेरी धरून तीन तास गप्प होतो. तुझ्या भावजयीला हे खरं वाटत नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून, बाळाचं दुपटं बदलावं तसा हळूहळू तो उलटवला.

ताई, काय सांगू! पिकल्या मिरचीसारखा लाल. नऊ पक्षी, शेपट्या इतक्या लांब की पाठीवरून निघून बाहीत शिरतात. खाली निळ्या लाटा. आणि लाटांत एक जाडा मासा, हुबेहूब आमच्या बंद कारखान्याच्या मॅनेजरचं तोंड. संयम म्हणून कुठे नावाला नाही! बाई बघतच राहिल्या. मग माशाकडे बोट दाखवून हसायला लागल्या, आणि हसता हसता रडल्या. मी विजेरी काढून म्हटलं, पाणी आणू का. त्या म्हणाल्या, आधी संचालकांना आणा.

संचालक म्हणाले, व्याख्यान रद्द करू, प्रकृतीचं कारण देऊ. बाईंनी ऐकलं नाही. रविवारी दालन खच्चून भरलं. झग्यावर पांढरी चादर होती. बाईंनी ‘संयमाचं सौंदर्य’ची तिन्ही पानं शांतपणे वाचून दाखवली, शून्यासकट. जाणकार माना डोलवत होते. शेवटी त्या म्हणाल्या, की हे सगळं मी अस्तराबद्दल लिहिलं होतं, आणि एका शिवणकाम करणाऱ्या ताईंनी ते छापील कार्डावरून ओळखलं. असं म्हणून त्यांनी मला खूण केली आणि मी चादर ओढली.

मग पुढच्या रांगेतले ते डोळे पुसणारे गृहस्थ उठले आणि विचारते झाले, की मग माझं रडणं फुकट गेलं का. बाई म्हणाल्या, मुळीच नाही. अस्तर शिवणाऱ्यासाठी आजवर कुणी रडलं नव्हतं, तुम्ही पहिले. त्यावर सगळं दालन हसलं, टाळ्या पडल्या, आणि जाणकार मंडळी माशाला बघायला एकमेकांना कोपरं मारू लागली.

आज दारापासून रस्त्याच्या वळणापर्यंत रांग आहे. मी दालन चारमध्ये परत आलोय आणि कायम झालोय. बाईंनी पाटीवर तुझा उल्लेख केलाय. प्रदर्शन वीस तारखेला संपतंय, त्याआधी ये. गाडीत खिडकीशी बस. भेटीत लोभ प्रत्यक्ष मोजून घेईन.

तुझा (कायम),
ढब्बू

२२ डिसेंबर

चि. ढब्बूस,

अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचले. भावजयीला सांग, डबा पुरला आणि उरला.

बाईंनी इतकं प्रेमानं फिरवलं की मला अवघडल्यासारखं झालं. पाटी वाचली. ‘शिवणकलेच्या जाणकार’ असं लिहिलंय माझ्याबद्दल. मी ते दोनदा वाचलं आणि कुणी बघत नाहीसं पाहून तिसऱ्यांदा.

एक गोष्ट तिथे बोलले नाही, ती लिहिते. तुला वाटलं, झग्यापुढे मी अर्धा तास डोळे भरून उभी होते. मी डाव्या बाहीची शिवण बघत होते. ढब्बू, तिथे जोड आहे. कापड कमी पडलंय! चार बोटांची पट्टी वेगळ्या तुकड्यातून लावलीय आणि जोड झाकायला त्यावर पक्ष्याची शेपटी ओढून आणलीय. बाकीच्या आठ पक्ष्यांच्या शेपट्या सरळ आहेत. हा एकटाच उगाच वळण घेऊन त्या जोडावर येऊन बसलाय.

चाळीस वर्षं मी हेच करत आले. कापड कमी पडलं की जोड द्यायचा, वर एखादी पट्टी किंवा फूल, आणि गिऱ्हाईक कोट घालून आरशात बघेपर्यंत छातीत धडधड. मला वाटायचं, दरबाराचा शिंपी म्हणजे केवढा मोठा कारागीर, त्याचं कसं सगळं मापात असेल. आणि त्याचीही तशीच धडधड झाली असेल, राजा आरशात बघेपर्यंत. तिथे उभ्या उभ्या मला इतकं हसू येत होतं, की डोळे पुसावे लागले. तो माणूस भेटता तर चहा पाजला असता.

काल एका गिऱ्हाइकाच्या कोटाला कापड कमी पडलं. पहिल्यांदाच तोंडावर सांगून टाकलं.

हे तुझ्यापाशीच ठेव. बाईंना सांगू नकोस, त्या लगेच आणखी तीन पानं लिहितील.

तुझी,
ताई